सॅफ्रन वॉल्डनमध्ये नवे आहात? बातमी कुठे वाचायची, काम कुणाकडे न्यायचं

केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात किंवा हिंक्स्टनच्या जीनोम कॅम्पसमध्ये नोकरी लागली की घर शोधता शोधता काही जण एसेक्स काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात, सॅफ्रन वॉल्डनला येऊन ठेपतात. गाव देखणं आहे. वाकलेली जुनी लाकडी घरं, टेकडीवर सेंट मेरीज चर्च, मंगळवारी आणि शनिवारी मार्केट प्लेसमध्ये आठवडी बाजार. हा बाजार ११४१ साली शेजारच्या न्यूपोर्टहून उचलून इथे आणला गेला. नावातलं सॅफ्रन म्हणजे आपलं केशरच. एके काळी इथल्या शेतांत ते पिकायचं आणि त्यावर गाव श्रीमंत झालं.

सामान लागून होतं न होतं तोच प्रश्न सुरू होतात. कचरा उचलला नाही, कुणाला सांगायचं? गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडलाय, तो कुणाचा? मागच्या शेतात दोनशे घरं येणार म्हणतात, खरं आहे का? आपल्याकडे अशा वेळी नगरसेवकाला गाठून ‘भाऊ, जरा बघा ना’ म्हटलं की गाडी पुढे सरकते. इथे नगरसेवक भेटतो, हसून बोलतो, आणि पहिलं विचारतो ते हे: ‘नोंद केली आहे का? संदर्भ क्रमांक काय?’ तेव्हा योग्य खातं शोधणं, लेखी कळवणं आणि क्रमांक जपून ठेवणं, या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या की या गावात निम्मे त्रास वाचतात. पुढे जे लिहिलंय ते सॅफ्रन वॉल्डन धरून लिहिलंय, पण इंग्लंडमधल्या अशा इतर बाजारगावांनाही बरंचसं लागू पडेल.

सुरुवात कौन्सिल टॅक्सच्या बिलापासून

मार्चमध्ये (किंवा नवीन घरात आल्यावर काही आठवड्यांत) कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराचं, बिल येतं. लोक रक्कम बघतात, सुस्कारा टाकतात आणि ते ड्रॉवरमध्ये सारतात. तसं करू नका. या बिलावर रकमेची फोड दिलेली असते, आणि ती फोड म्हणजेच इथलं सरकार कसं बांधलंय त्याचा नकाशा.

सर्वांत मोठा आकडा एसेक्स काउंटी कौन्सिलचा. त्यानंतर पोलीस आणि अग्निशमन दलाचा वाटा, मग अटल्सफर्ड डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा आणि सॅफ्रन वॉल्डन टाउन कौन्सिलचा. बिल पाठवते डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणून नवख्याला वाटतं की सगळे पैसे तिलाच जातात आणि सगळी कामंही तिचीच. दोन्ही चूक. महाराष्ट्रातून आलेल्याचा आणखी एक गोंधळ होतो: इथे काउंटी मोठी आणि डिस्ट्रिक्ट तिच्या पोटात. म्हणजे जिल्हा परिषदेच्या जागी काउंटी समजा आणि डिस्ट्रिक्टला तालुक्याच्या पातळीवर ठेवा.

बिल हातात आहे तोवर दोन गोष्टी तपासा. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. आणि घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ असतो. कर साधारणपणे एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत कापला जातो. बारा हप्ते हवे असतील तर कळवा, करून देतात. घराचा ‘बँड’ ए ते एच यांपैकी काय आहे हे १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरतं. पुढे बांधलेल्या घराचीही तेव्हा काय किंमत आली असती याचा अंदाज बांधतात. विचित्र आहे, पण तसंच आहे.

कोणतं काम कुणाचं

*काउंटी (एसेक्स)*: रस्ते, फूटपाथ, रस्त्यावरचे दिवे, हिवाळ्यात मीठ टाकणं, शाळाप्रवेश, ग्रंथालय, वृद्ध आणि मुलांची सामाजिक सेवा, जन्म-मृत्यूची नोंद, आणि मोठा कचरा नेऊन टाकायची रिसायकलिंग सेंटर्स.

*डिस्ट्रिक्ट (अटल्सफर्ड)*: घरचा कचरा, बांधकाम परवानगी, कौन्सिल टॅक्स, मतदारयादी, घरकुलाची मदत, शेजाऱ्याचा गोंगाट, हॉटेलांची स्वच्छता, दारूचे आणि टॅक्सीचे परवाने, सार्वजनिक जागेत कुणी टाकून गेलेला कचरा.

*टाउन कौन्सिल*: बाजार, टाउन हॉल, ‘कॉमन’ नावाचं मोठं मैदान, बागा, दफनभूमी, गावातले कार्यक्रम. त्या कॉमनवर गवतात कोरलेली भूलभुलैयाची वाट आहे, युरोपातल्या या प्रकारच्या सर्वांत मोठ्या वाटांपैकी एक. पोरांना घेऊन गेलात तर एक रविवार सहज निघतो.

पार्किंग हा खास गुंता. रस्त्यावरचं पार्किंग आणि दंड नॉर्थ एसेक्स पार्किंग पार्टनरशिप बघते. अशी नोटीस गाडीवर लागली तर १४ दिवसांत अर्धी रक्कम भरून सुटता येतं, किंवा तेवढ्याच मुदतीत लेखी आक्षेप घेता येतो. सुपरमार्केटच्या आवारात लागलेली नोटीस मात्र खासगी कंपनीची असते. दोन्ही कागद दिसायला सख्खे भाऊ, नियम पूर्ण वेगळे. पैसे भरण्याआधी कागदावर कौन्सिलचं नाव आहे का ते बघा.

हे सगळं फार काळ असंच राहणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर काढून एकच मोठं कौन्सिल करायचं धोरण जाहीर केलं. त्यात एसेक्सही आहे आणि नवी रचना २०२८ मध्ये यायची आहे. टाउन कौन्सिल राहील. तोवर वरची यादी उपयोगी आहे.

बातमी येते कुठून

गावाच्या बातम्यांसाठी ‘सॅफ्रन वॉल्डन रिपोर्टर’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यात काय असतं? शाळेचं संगीत संमेलन, दुकान बंद झालं, बायपासबद्दल वाद, चॅरिटी धावशर्यत. वाचून हसू येतं, पण मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या सार्वजनिक सूचनांवरून नजर फिरवा. रस्ता तात्पुरता बंद करणं, ऐतिहासिक इमारतीत बदल, दारूचा नवीन परवाना, अशा बऱ्याच गोष्टी कायद्याने वर्तमानपत्रात छापाव्या लागतात. तुमच्या रस्त्याचं भविष्य आधी तिथे दिसतं, बातमी नंतर येते.

फेसबुकवरचे गावाचे ग्रुप हरवलेलं मांजर, चांगला प्लंबर आणि ‘आत्ता हेलिकॉप्टर का फिरतंय’ यासाठी उत्तम. बाकी कशासाठी त्यांच्यावर विसंबू नका. रस्ता बंद असल्याची खात्री करायची तर ‘वन डॉट नेटवर्क’ हा नकाशा बघा. कुठे, किती दिवस, कोणती कंपनी खोदतेय, सगळं त्यावर असतं. गुन्ह्यांबद्दल अफवा उठली तर ‘पोलीस डॉट यूके’वर रस्तावार नोंदी मिळतात, आणि तुमच्या भागाच्या पोलीस पथकाची माहितीही.

कागदी जगही जिवंत आहे. ग्रंथालयाचा फलक, चर्चच्या दारातलं मासिक, मार्केट प्लेसमधलं पर्यटक माहिती केंद्र. हे केंद्र फक्त पाहुण्यांसाठी असतं असं समजून लोक तिकडे फिरकत नाहीत. गावात या महिन्यात काय काय आहे हे तिथल्या माणसांइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. फुकट आहे, संगणक वापरता येतो, पोरांसाठी कार्यक्रम असतात. ग्रंथालय जुन्या कॉर्न एक्स्चेंजच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, इमारतीत आहे, आणि त्याच छपराखाली गिब्सन लायब्ररी हा गावाचा जुना ग्रंथसंग्रहही.

दिव्याच्या खांबावरचा कागद

आता इथल्या सर्वांत महत्त्वाच्या बातमीकडे येऊ. ती प्लास्टिकच्या पाकिटात, प्लास्टिकच्या पट्टीने दिव्याच्या खांबाला बांधलेली असते. पावसाने आतून घाम धरलेला असतो. बहुतेक लोक कुत्रा फिरवताना तिच्यासमोरून जातात आणि वाचत नाहीत.

थांबून वाचा. वर एक क्रमांक असेल, ‘यूटीटी’ने सुरू होणारा, मग वर्ष, मग आकडा, आणि शेवटी काही अक्षरं. ती शेवटची अक्षरं कामाची. ‘एचएचएफ’ असेल तर कुणाच्या तरी घराची वाढीव खोली, म्हणजे शेजाऱ्यापुरता मामला. ‘एलबी’ म्हणजे संरक्षित ऐतिहासिक इमारतीत बदल, आणि या गावात अशा इमारती पावलोपावली आहेत. ‘एफयूएल’ म्हणजे पूर्ण तपशिलासह अर्ज. आणि ‘ओपी’ दिसलं की कान टवकारा. हा आराखड्याच्या पातळीवरचा अर्ज, बहुधा मोठ्या गृहप्रकल्पाचा: आधी तत्त्वतः मंजुरी घ्यायची, नकाशे नंतर. विरोध किंवा सूचना करायची खरी वेळ हीच, कारण पुढच्या टप्प्यावर घरं यावीत की नाही हा प्रश्नच उरत नाही. खिडक्या कुठे आणि झाडं कोणती, एवढंच बोलता येतं.

सूचनेवरच्या मुदतीत, म्हणजे साधारण २१ दिवसांत, अटल्सफर्डच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून सगळी कागदपत्रं फुकट वाचता येतात आणि तिथेच अभिप्राय देता येतो. लिहिताना काय मोजलं जातं आणि काय नाही हे माहीत हवं. ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ आणि ‘माझ्या खिडकीतलं शेत दिसेनासं होईल’ ही दोन वाक्यं मनापासून लिहिली जातात आणि त्यांचं वजन शून्य. याउलट घरात डोकावता येणं, उजेड अडणं, वाहतूक, पार्किंग, पाण्याचा निचरा, ऐतिहासिक परिसराला बाधा, शाळा-दवाखान्यांवर पडणारा भार, हे मुद्दे अधिकाऱ्याला विचारात घ्यावेच लागतात. भावनेने भरलेल्या दोन पानांपेक्षा ‘सकाळी साडेआठला शाळेच्या वेळी या वळणावर गाड्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात, सोबत फोटो’ हे एक वाक्य भारी पडतं. दीडशे शेजाऱ्यांनी एकच मजकूर चिकटवून पाठवला तर तो एकच मुद्दा धरला जातो. प्रत्येकाने आपला मुद्दा लिहिलेला बरा.

तुमचा अभिप्राय सर्वांना वाचायला मिळतो, हे लक्षात ठेवून सभ्य लिहा. लहान अर्जांचा निर्णय साधारण आठ आठवड्यांत आणि मोठ्यांचा तेरा आठवड्यांत अपेक्षित असतो. बहुतेक अर्ज अधिकारीच निकालात काढतात. पण तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकाने वेळेत मागणी केली तर अर्ज समितीपुढे येऊ शकतो. नगरसेवकाला भेटायचंच असेल तर ते यासाठी भेटा.

या गावात लोक बांधकामाबद्दल इतके हळवे का, याला इतिहास आहे. अटल्सफर्डचा विकास आराखडा तो तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांना पटला नाही आणि २०२० मध्ये तो मागे घ्यावा लागला. ताजा आराखडा नसला की बिल्डरचं पारडं जड होतं, कारण अर्ज नाकारायला कौन्सिलकडे आधार कमी राहतो. त्यात २०२२ मध्ये मोठ्या अर्जांवरच्या निर्णयांचा दर्जा घसरल्याचं कारण देऊन सरकारने या कौन्सिलला वेगळ्या यादीत टाकलं, आणि मोठे अर्ज थेट राष्ट्रीय निरीक्षकांकडे नेण्याची मुभा बिल्डरांना मिळाली. अशाच रागातून वाढलेल्या ‘रेसिडेंट्स फॉर अटल्सफर्ड’ या स्थानिक पक्षाने २०१९ मध्ये मोठ्या राष्ट्रीय पक्षांना हरवून कौन्सिल ताब्यात घेतलं आणि २०२३ मध्ये राखलं. खांबावरचा कागद इथे सत्ता बदलू शकतो, एवढं समजलं तरी पुरे.

फिकट निळा कागद दिसला तर तो बांधकामाचा नसून दारू, संगीत किंवा रात्री उशिरा खाणं विकण्याच्या परवान्याचा. त्यावर २८ दिवस मिळतात. शेजारी राहणाऱ्याला पबची वेळ रात्री एकपर्यंत वाढणं परवडणार आहे का, ते तेव्हाच सांगायचं.

खड्डा, दिवा, कचरा

खड्डा एसेक्स हायवेजच्या संकेतस्थळावर नोंदवा. नकाशावर टाचणी नेमकी लावा, शेजारी नाणं किंवा बूट ठेवून फोटो काढा म्हणजे खोली कळते, आणि सायकलवाल्यांना धोका असेल तर तसं स्पष्ट लिहा. आधीच कुणी नोंदवलेला असेल तर नकाशावर दिसतो. कोणत्या कौन्सिलचा रस्ता ते कळत नसेल तर ‘फिक्समायस्ट्रीट’ वापरा. तिथून तक्रार आपोआप योग्य कौन्सिलकडे जाते. मिळालेला क्रमांक जपा. खड्ड्यात गाडीचं टायर फाटलं आणि भरपाई मागायची वेळ आली, तर कौन्सिलला तो खड्डा आधीपासून माहीत होता का, यावर सगळं ठरतं. तुमची जुनी नोंद तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडते.

दिवा बंद असेल तर खांबावरचा नंबर टिपून घ्या. तक्रार करण्याआधी वेळ मात्र बघा, कारण एसेक्समध्ये बऱ्याच रस्त्यांवरचे दिवे मध्यरात्रीनंतर मुद्दाम बंद ठेवतात. रात्री दोनला अंधार म्हणजे बिघाड असेलच असं नाही.

कचऱ्याचे दिवस कौन्सिलच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की मिळतात. डबे आदल्या रात्री बाहेर काढा, बँक हॉलिडेच्या आठवड्यात दिवस सरकतो हे विसरू नका. खरकट्याचा डबा वेगळा असतो. स्वयंपाकघरात आलं-लसणाची सालं आणि वापरलेली चहा पावडर भरपूर निघणाऱ्या मराठी घराला तो सोयीचाच आहे. वापरलेलं तळणाचं तेल कुठल्याच डब्यात ओतू नका आणि सिंकमध्ये तर नाहीच. बाटलीत भरून रिसायकलिंग सेंटरवर न्या. तिथे जायला एसेक्समध्ये आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. जुना सोफा दाराशी टाकून ‘कुणीतरी नेईल’ म्हणणं हा इथे गुन्हा आहे. कौन्सिलला पैसे देऊन उचलायला सांगा. चॅरिटीची दुकानंही घेतात, पण त्यावर अग्निसुरक्षेचं लेबल शिवलेलं असावं लागतं. ते कापलेलं असेल तर कुणीही घेणार नाही.

वारंवार नोंदवूनही काम झालं नाही तर कौन्सिलकडे औपचारिक तक्रार करा. तिचे टप्पे पार होऊनही समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडे, फुकट जाता येतं. आणि माहितीच हवी असेल, म्हणजे या रस्त्यावर गेल्या वर्षी किती खर्च केला वगैरे, तर आपल्या माहिती अधिकारासारखाच इथेही कायदा आहे. साधा ईमेल पुरतो, फी लागत नाही, आणि २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित असतं.

सभेला जाऊन बसा

टाउन कौन्सिलच्या सभा सर्वांना खुल्या असतात. कार्यक्रमपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. सुरुवातीला नागरिकांना थोडी मिनिटं बोलायला देतात. तेवढ्यात मुद्दा मांडायचा, भाषण करायचं नाही. डिस्ट्रिक्टच्या सभेत बोलायला बहुधा आधी नाव द्यावं लागतं. २०१४ पासून अशा सभांचं चित्रीकरण करायलाही परवानगी आहे. शिवाय दरवर्षी १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान गावाची वार्षिक सभा होते. तिला मतदारयादीतला कुणीही येऊ शकतो, आणि येतात मोजकेच. म्हणून तिथे एक नवा चेहरा दिसला की नगरसेवक आपणहून ओळख करून घेतात.

खासदाराला खड्ड्यासाठी लिहू नका. केमी बेडनॉक २०१७ पासून इथल्या खासदार आहेत, त्या हुजूर पक्षाच्या नेत्याही आहेत, आणि २०२४ मध्ये मतदारसंघाचं नाव नॉर्थ वेस्ट एसेक्स झालं. व्हिसाचं प्रकरण गृहखात्यात अडकलं असेल तर मात्र खासदाराचं कार्यालय खरोखर कामाला येतं.

डॉक्टर, औषधवाला आणि सुट्टीत आलेले आई-बाबा

सर्जरीत, म्हणजे जीपीच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, नाव नोंदवायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा लागत नाही. मागू शकतात, पण नाही म्हणून परत पाठवता येत नाही. आजारी पडायची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच नोंदवा. किरकोळ दुखण्याला आधी फार्मसीत जा. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये घसादुखी, सायनस, लहान मुलांची कानदुखी, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, या सात तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः औषध देऊ शकतो. औषधं मोफत मिळण्याची सवलत नसेल तर प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात. वरचेवर औषधं लागत असतील तर वर्षाचे पैसे आधीच भरून घ्यायचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट स्वस्त पडतं.

गावात कम्युनिटी हॉस्पिटल आहे, पण तिथे अपघात विभाग नाही. पाटी बघून हाड मोडलेल्या माणसाला तिथे नेऊ नका. गंभीर असेल तर ९९९. कुठे जायचं कळत नसेल तर १११. बहुतेकदा काउंटीची सीमा ओलांडून केंब्रिजच्या ॲडनब्रुक्सलाच जावं लागतं.

आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर हे आधीच समजून घ्या. जीपीकडे तपासून घेणं पाहुण्यांनाही फुकट असतं आणि तीन महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंद होते. अपघात विभागातले उपचारही फुकट. पण वॉर्डात दाखल करून घेतलं की भारतातून पाहुणे म्हणून आलेल्यांना एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल लागतं. वय झालेल्या माणसाचा विमा भारतातूनच काढून आणा आणि बीपी-मधुमेह फॉर्मवर लपवू नका. कंपनी दावा नाकारते ती नेमकी तिथेच. बाबांच्या गोळ्या पुरेशा आणा आणि सोबत मूळ नावासह डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, कारण भारतातला ब्रँड इथे कुणी ओळखत नाही.

शाळा

अर्ज शाळेत करायचा नसतो, काउंटीकडे करायचा असतो. माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारी ही शेवटची तारीख. निकाल अनुक्रमे १ मार्च आणि १६ एप्रिलच्या सुमारास. मुदत चुकली की जवळची शाळा हातची गेली. वर्षाच्या मध्येच आलात तर त्याची वेगळी प्रक्रिया असते. गावात आर. ए. बटलर यांच्या नावाची शाळा आहे. १९४४ चा शिक्षण कायदा आणणारे हेच बटलर, १९२९ ते १९६५ इथले खासदार, जन्म मात्र अखंड हिंदुस्थानातल्या अटकचा. त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर मध्यप्रांताचे गव्हर्नर होते, म्हणजे त्यांचा कारभार नागपूरहून चालायचा. नागपूरकराने शाळेच्या फाटकाशी हे सांगावं, गप्पा सुरू व्हायला पुरतं.

मत द्या, कारण देता येतं

बऱ्याच भारतीयांना हे ठाऊकच नसतं: भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे, वैध व्हिसावर इथे राहत असतील तर टाउन कौन्सिलपासून संसदेपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देऊ शकतात. पासपोर्ट बदलावा लागत नाही. सरकारी संकेतस्थळावर नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकून नाव नोंदवा, मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी करताना ‘ओपन रजिस्टर’मधून नाव वगळा, म्हणजे जाहिरातवाल्यांना तुमचा पत्ता विकत मिळणार नाही. कायमस्वरूपी राहण्याची परवानगी मिळाली की कौन्सिलच्या निवडणुकीला उभंही राहता येतं. लहान गावांत टाउन कौन्सिलच्या जागा कधी कधी उमेदवाराअभावी रिकाम्या राहतात.

उरलेलं थोडक्यात

स्टेशन गावात नाही, दोन मैलांवर वेंडन्स अँबोला आहे आणि त्याचं नाव ऑडली एंड. लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन तिथून साधारण तासाभरावर. २०२५ पासून बसचं एका फेरीचं तिकीट जास्तीत जास्त तीन पौंड. भाड्याचं, नोकरीचं किंवा कर्जाचं लचांड उभं राहिलं तर वकिलाआधी सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा, सल्ला फुकट आणि गोपनीय असतो. कढीपत्ता आणि नाचणीच्या पिठासाठी केंब्रिजचा मिल रोड. गावातल्या बाजारात भाजी ताजी मिळते, पण संपते लवकर, आणि दुपारी उशिरा गेलं तर तंबू उतरवणारी माणसंच दिसतात.

आणि हे नंबर फ्रिजवर लावून ठेवा: जिवावरचं संकट ९९९, तातडीचं नसलेलं पोलीसकाम १०१, आरोग्यसल्ला १११, वीज गेली तर १०५. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, तोही बाहेर जाऊन लावायचा, घरातलं कुठलंच बटण न दाबता.